मुकादम पाड्यावर येतो, कामगार खाते का येत नाही?



दसरा झाला. ज्वारी, भात, मोर कापणीला आले आहेत. अस्तंब्याची यात्रा तोंडावर आहे. दर वर्षी काय होतं ते आपल्याला सांगायला नको. यात्रा करून माणसं डोंगर उतरतात आणि चार-आठ दिवसांत पाड्यावर गाड्या लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, ल्हान पोरं, सगळं गाडीत. कोणी बारडोलीकडे, कोणी नवसारीकडे, कोणी सौराष्ट्रात. घराला काटे लावून म्हातारा-म्हातारी मागं राहतात. मग माणसं येतात ती होळीला, दोन दिवस काठीच्या होळीला नाचून परत जायला, नाहीतर थेट उन्हाळ्यात.

गाडी येण्याआधी आम्हाला एक गोष्ट बोलायची आहे. ती मुकादमाबद्दल आहे, आणि मुकादमापेक्षा जास्त सरकारच्या कामगार खात्याबद्दल आहे.

खातं म्हणतं, आम्ही दोघांचे

कामगार खात्याच्या लोकांशी बोललं की ते एक वाक्य नेहमी सांगतात: आम्ही मजुरांचे पण आहोत आणि मालकांचे पण आहोत. दोघांना मदत करणं, दोघांत तंटा होऊ न देणं, हे आमचं काम.

आमच्यातले काही साथी हे ऐकून चिडतात. आमचं मत वेगळं आहे. हे वाक्य खरं झालं तर आपलं वाईट होणार नाही. मुकादम कोण असतो? बहुतेक वेळा आपल्याच गावचा, आपल्याच कुळातला, कधी कधी बायकोचा भाऊ. कारखान्याकडून तो रक्कम उचलतो आणि कोयत्या-कोयत्याला वाटतो. एखादा कोयता उचल घेऊन दुसरीकडं निघून गेला तर कारखाना मुकादमाचा गळा धरतो. त्यालाही कधी घरचे बैल विकून भरावं लागतं. आणि आपणही कधी कधी मालक असतोच. ज्याच्याकडं थोडी पाण्याची जमीन आहे तो कापूस वेचायला, मिरची तोडायला चार माणसं लावतो. म्हणून मालकाला सरकारने मदत करू नये असं आम्ही म्हणत नाही.

आम्ही म्हणतो ते एवढंच. दोघांचे म्हणता, तर दोघांच्या दारी या. कारखान्याचं परवान्याचं काम असेल तर त्याचा माणूस गाडीत बसून कचेरीत जातो, चहा पिऊन काम करून येतो. आपला माणूस मोलगीच्या वरच्या पाड्यावरून नंदुरबारला गेला तर एक दिवसाची मजुरी गेली, भाडं गेलं, आणि साहेब दौऱ्यावर असले तर दुसरा दिवस गेला. आणि तक्रार करायची वेळ येते तेव्हा आपला माणूस नंदुरबारला नसतोच, तो गुजरातमध्ये पडावावर असतो. मुकादम मात्र कुठं बसून राहत नाही. तो पावसाळ्यात, घरात दाणा नसतो त्या दिवसांत, चिखल तुडवत पाड्यावर येतो. खिशात पैसे घेऊन येतो. ज्याच्याकडं कायदा आहे तो कचेरीत, आणि ज्याच्याकडं पैसे आहेत तो दारात. मग आपला करार कोणाशी होणार?

कायदा जुनाच होता

आपल्यातल्या कितीतरी लोकांना वाटतं की परराज्यात गेलं की कायदा संपला. तसं नाही. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. तो २०२५ पर्यंत लागू होता. त्यात काय लिहिलं होतं ते नीट ऐका आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना समजून सांगा.

पाच किंवा जास्त मजूर दुसऱ्या राज्यात नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागायचा. भरती करून १५ दिवसांत त्यानं मजुरांची माहिती दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना द्यायची. प्रत्येक मजुराला फोटो असलेलं पासबुक द्यायचं. त्यात काम काय, दर काय, उचल किती, कापली किती, हे लिहायचं. जाण्या-येण्याचं भाडं ठेकेदारानं द्यायचं, आणि प्रवासाच्या दिवसांची मजुरीसुद्धा. शिवाय घर सोडून जायचा भत्ता वेगळा. राहायला जागा, फुकट औषधपाणी, बाईला पुरुषाइतकीच मजुरी. ठेकेदारानं पैसे बुडवले तर मुख्य मालकानं भरायचे. म्हणजे कारखाना ‘ते मजूर मुकादमाचे, आमचे नाहीत’ असं म्हणून हात झटकू शकत नव्हता.

याच्यात दोन गोष्टी आम्हाला सगळ्यात मोठ्या वाटतात.

पहिली, कलम १९. कामाची मुदत संपली की मुकादमानं किंवा मालकानं त्या मजुराला दिलेलं कर्ज बाकी राहता कामा नये. राहिलं तर ते फिटलं असं तो कायदा धरायचा. ‘बाकी’ म्हणून जी वही मुकादम पुढच्या वर्षी काढून दाखवतो, आणि ज्या बाकीपायी बापाच्या जागी पोरगा कोयता धरतो, ती बाकी या कायद्यात बसतच नव्हती. १९७६ चा वेठबिगारी बंद करणारा कायदाही तेच सांगतो. कर्जापायी माणसाला कामाला बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि त्याची चौकशी करणं कलेक्टरचं काम आहे.

दुसरी, कलम २०. आपल्या राज्याचे मजूर दुसऱ्या राज्यात कसे ठेवले आहेत हे बघायला आपलं सरकार आपले अधिकारी तिकडं पाठवू शकत होतं. तिकडच्या सरकारची संमती फक्त लागायची. म्हणजे महाराष्ट्राचा अधिकारी पडावावर येऊन हिशोब विचारू शकत होता, असं लिहून ठेवलं होतं. आमच्यापैकी कोणी वीस हंगाम तोडणीला गेलं आहे, कोणी तीस. असा अधिकारी आलेला आम्ही कोणी पाहिला नाही.

कोणी म्हणेल, दोन राज्यांचा मामला, अवघड असतो. मग रेशनचं बघा. ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्राचं रेशनकार्ड गुजरातच्या दुकानात चालू लागलं. अंगठा लावला की इथलं कार्ड तिथं ओळखलं जातं. दोन सरकारांनी ठरवलं तर धान्याचा हिशोब सीमेच्या पलीकडं जातो. मग मजुरीचा हिशोब का जात नाही?

दराचा हिशोब

आता पैशाचं बोलू. हिशोब आपणच केला पाहिजे, कारण आपल्यासाठी दुसरं कोणी करत नाही.

२०२३ साली गुजरात सरकारनं ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये जाहीर केला. एकदम दुप्पट. हे कोणाच्या दयेनं झालं नाही, तिथल्या तोडणी मजुरांनी संघटना करून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली म्हणून झालं. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि तोडणी मजुरांच्या संघटना यांच्यात करार होऊन ३४ टक्के वाढ झाली. म्हणजे जिथं मजूर एकत्र बोलतात तिथं दर हलतो.

पण हा जाहीर दर आपल्या हातात येतो का? मोळी कोण मोजतं, वजनाची पावती कोणाकडं असते, हे आपण जाणतो. पावती नसेल तर ४७६ आहे की ३०० आहे हे आपल्याला कळणारच नाही. शेवटी मुकादम सांगेल ते.

आता उचलीचं बघा. पावसाळ्यात २० हजार उचलले. कितीतरी टोळ्यांत दीडपट कापायची रीत आहे, म्हणजे ३० हजार. ४७६ च्या पूर्ण दरानं धरलं तर २० हजार फेडायला ४२ टन तोडावा लागतो, ३० हजार फेडायला ६३ टन. वरचा २१ टन फक्त व्याजाचा. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून, दिवसाला एक टन तोडतात असं धरा. मग २१ दिवस दोघं जणं पहाटे थंडीत उठून फडात गेली, हाताला पात्यांनी चिरे पडले, पोर बांधावर रडलं, ते सगळं व्याजासाठी. खावटीला दिलेली ज्वारी, आजारपणाचं औषध, ते त्याच्यावर वेगळं कापलं.

आणि ‘कोयता’ या शब्दातच एक फसवणूक आहे. कोयता म्हणजे दोन माणसं, पण वहीत नाव एकाचं, पुरुषाचं. बाई तोडते, बांधते, डोक्यावर वाहते, रांधते, पण हिशोबात ती कुठंच नाही. तिला विचारून उचल घेतली जात नाही आणि तिच्या हातात पैसे येत नाहीत. हा दोष एकट्या मुकादमाचा नाही. यात आपणही आहोत, हे पुरुषांनी मान्य केलं पाहिजे.

महामंडळ झालं, पण कोणासाठी?

महाराष्ट्र सरकारनं ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ काढलं. २०२१ मध्ये ठरलं की साखर कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागं १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची. त्यातून मजुरांचा विमा, आरोग्य, मुलांची वसतिगृहं व्हावीत असा विचार. ग्रामसेवकानं तोडणी मजुरांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं. वसतिगृहांच्या पहिल्या टप्प्यात बीड, नगर आणि जालना जिल्हे घेतले.

बीडचा मजूर आपला भाऊच आहे. त्याला मिळालं, चांगलं झालं. पण आपण कुठं आहोत? पैसा जमतो महाराष्ट्राच्या कारखान्यातल्या टनावर. आपण तोडतो गुजरातच्या कारखान्याचा ऊस. त्या टनावर महाराष्ट्र १० रुपये मागू शकत नाही, आणि गुजरात आपल्याला त्याचा मतदार समजत नाही. इथं आम्ही ‘बाहेर गेलेले’, तिथं आम्ही ‘बाहेरून आलेले’. दोन्ही सरकारांच्या मध्ये जी फट आहे त्या फटीत आपला सातपुडा पडला आहे. शहाद्याला पुरुषोत्तमनगरचा कारखाना आहे, नवापूरला डोकाऱ्याचा आहे. तिथं तोडणी करणाऱ्याला तरी नोंद मागता येते. पण सीमा ओलांडून जाणाऱ्याचं काय?

म्हणून आमचं म्हणणं आहे की नोंद कारखान्यावरून होऊ नये, गावावरून व्हावी. माणूस कुठला आहे ते बघा. तो कोणाचा ऊस तोडतो ते बघू नका. नंदुरबारचा मजूर महाराष्ट्राचा नागरिक आहे, तो ऊस कुठलाही तोडू दे. तोडणी मजुराचं ओळखपत्र त्याला गावातच, जाण्याआधी मिळालं पाहिजे. कारखान्याच्या टनावरून जी रक्कम जमत नाही ती राज्यानं आदिवासी विकासाच्या पैशातून घालावी.

मुकादम आधी देतो, सरकार नंतर देते

आता कोणी विचारेल की जाता कशाला? घरी रोजगार हमी आहे ना?

प्रश्न बरोबर आहे, म्हणून त्याचंही उत्तर हिशोबानं देऊ. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. दोघं जणं कामावर गेली तर ५९४. तोडणीत दोघांना एका टनाचे ४७६. म्हणजे घरी राहून जास्त मिळायचं. एका कुटुंबाला १०० दिवस मिळाले तर २९,७०० रुपये होतात. वर सांगितलेलं २० हजारांचं दीडपट कर्ज जवळजवळ तेवढंच आहे. ज्यांच्याकडं वनपट्ट्याशिवाय दुसरी खाजगी जमीन नाही त्यांना आणखी ५० दिवस, म्हणजे १५० दिवस मिळायचा नियम २०१४ मध्ये झाला. त्याचे ४४,५५० रुपये. आणि महाराष्ट्राचा स्वतःचा १९७७ चा कायदा आहेच. १०० दिवसांपुढची मजुरी राज्यानं द्यायची.

मग माणूस मूर्ख आहे म्हणून बारडोलीला जातो का? नाही. कारण साधं आहे. मुकादम आधी देतो, सरकार नंतर देतं. पोळ्याच्या आधी घरात दाणा संपलेला असतो, पोर तापानं फणफणत असतं, लग्नाचं देणं असतं. तेव्हा २० हजार रोख पाहिजेत. रोजगार हमीचं काम मागायचं, मिळायचं, हजेरी लागायची, मग पैसे खात्यात यायचे. आता हजेरी मोबाईलवर दिवसातून दोनदा फोटो काढून लावायची आणि डोंगरात नेटवर्क नाही. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारला जोडलेल्या खात्यातच जाते. नावात एक अक्षर चुकलं की पैसे अडकतात. पैसे उशिरा येणारं काम हे भुकेल्या माणसाला अर्धंच काम आहे.

सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. १९७८ पासून आदिवासी विकास खात्याची खावटी कर्जाची योजना होती. पावसाळ्यात आदिवासीनं सावकाराकडं जाऊ नये म्हणून धान्य आणि पैसे द्यायचे. २०१३ मध्ये ती बंद पडली. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा आठवली. एका कुटुंबाला ४ हजारांचं अनुदान, अर्धं रोख, अर्धं सामान. तेही एका वेळचं. खावटीत चुका होत्या, मधले दलाल होते, सगळं खरं. पण रीत बरोबर होती. पैसा भुकेच्या दिवसांत दारात आला पाहिजे. सरकारनं ती जागा सोडली आणि मुकादम त्या जागेवर बसला. ‘खावटी’ हा शब्दसुद्धा आता त्याच्या वहीत आहे.

गेलो की जमीनही जाते

आमच्या संघटनेचा लढा जमिनीचा आहे. मग आम्ही ऊसतोडीवर का लिहितो, असं काही साथी विचारतात. कारण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

वनहक्काच्या दाव्याची स्थळपाहणी कधी होते? पाऊस संपला, वाट सुकली की. म्हणजे नेमकं आपण पडावावर असतो तेव्हा. वनहक्क समितीनं दावेदाराला आधी कळवूनच पाहणी करायची असा नियम आहे. पण घराला काटे लावलेले, कळवणार कोणाला? म्हाताऱ्याला शेताची हद्द माहीत असते, पण त्याला डोंगर चढवत नाही. शेजारी त्याच्या शेतापुरतं दाखवतो. मग कागदावर येतं, ‘दावेदार गैरहजर’, नाहीतर ‘क्षेत्र कमी आढळले’. बाप-आज्यानं कसलेली जमीन आपण नसल्यामुळं कमी होते.

ग्रामसभेचंही तसंच. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. हे २०१२ च्या नियमात आहे. अर्धं गाव गुजरातला गेल्यावर निम्मे आणायचे कुठून? सभा तहकूब, ठराव लटकला. दावा फेटाळला तर ६० दिवसांत अपील करायचं. फेटाळल्याचं पत्र पौष महिन्यात आलं, आपण परत आलो चैत्रात. ६० दिवस गेले फडात.

म्हणून आम्ही म्हणतो की उचलीच्या वहीत फक्त मजुरी गहाण पडत नाही, जमिनीचा दावाही गहाण पडतो. आणि ज्याची जमीन पक्की होत नाही त्याला विहीर नाही, बांध नाही, दुसरं पीक नाही. मग तो पुढच्या वर्षी पुन्हा उचल घेतो. हे चाक आहे. ते एका जागी अडवून भागणार नाही.

हे आपल्या जुन्या माणसांना कळत होतं. १९७२ साली, दुष्काळात, शहादा-तळोद्यात अंबरसिंग महाराज आणि साथींनी भूमिमुक्तीची परिषद भरवली, श्रमिक संघटना उभी राहिली. तेव्हा मागण्या काय होत्या? गेलेली जमीन परत द्या, सालदाराला नीट मजुरी द्या, दुष्काळी काम काढा. तिन्ही एकाच तोंडानं मागितलं. कोणी म्हटलं नाही की जमीन आधी, मजुरी नंतर. राज्यभरात अशा मजुरांनी मोर्चे काढले म्हणून रोजगार हमीचा कायदा आला. त्याच दशकात, १९७७ च्या सुमारास, यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकानं बारडोलीच्या ऊस फडांत जाऊन आपल्या खानदेशातून आलेल्या तोडणी मजुरांवर लिहिलं. पाल्याच्या झोपड्या, उचल, मुकादम, पहाटेची थंडी. आज ते वाचून दाखवलं तर आपली पोरं म्हणतील, हे तर मागच्या हंगामाचं आहे.

दोन शंका

पहिली शंका: कागद मागितला तर मुकादम आपल्याला नेणारच नाही, दुसऱ्या गावचा कोयता घेईल. एकट्यानं मागितला तर खरंच तसं होईल. म्हणून एकट्यानं मागायचा नाही. पाड्यानं मागायचा, ग्रामसभेनं मागायचा, आणि शेजारच्या दहा पाड्यांनी त्याच आठवड्यात मागायचा. मुकादमाला कोयते पाहिजेतच, त्याशिवाय त्याला कारखाना उभा करत नाही. आणि मुकादमालाही समजून सांगा. लिहिलेला कागद तुलाही वाचवतो. कारखान्यानं तुझं कमिशन अडवलं, कोयता पळाला असा खोटा आळ आला, तेव्हा तोच कागद तुझ्या कामाला येईल.

दुसरी शंका: काही तरुण साथी म्हणतात, तोडणीला जाणंच बंद करा. आम्ही असा हुकूम कोणाला देणार नाही. ज्याच्या घरात दाणा नाही त्याला घरी बस म्हणणं सोपं आहे, ते आम्ही म्हणू नये. माणसाला जायचा हक्क आहे आणि राहायचाही हक्क आहे. आज पहिला हक्क सावकारीच्या ताब्यात आहे आणि दुसरा कागदावर आहे. दोन्ही खरे करायचे, हा लढा आहे.

गाडी लागण्याआधी एवढं करा

१) ग्रामसभा घ्या आणि जाणाऱ्यांची यादी करा. नाव, वय, सोबतची पोरं, मुकादमाचं नाव, कारखान्याचं नाव, उचल किती, दर काय ठरला. यादीवर मुकादमाची सही किंवा अंगठा घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक कामगार अधिकाऱ्याला पोच घेऊन, एक आपल्याकडं.

२) यादीत बाईचं नाव वेगळं लिहा. ‘कोयता १’ असं लिहू नका. दोन माणसं आहेत, दोन नावं लिहा.

३) वहीत रोजचा टन लिहा. लिहिता येत नसेल तर काठीवर खूण करा, पण ठेवा. टोळीत शाळा शिकलेला एक तरी पोरगा किंवा पोरगी असते, तिच्याकडं हे काम द्या.

४) ज्यांना राहायचं आहे त्यांनी नमुना ४ भरून रोजगार हमीचं काम मागा आणि तारखेची पोच घ्याच. पोच नसेल तर मागणीच केली नाही असं होतं. १५ दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता मागा. आपल्या वनपट्ट्यावरची बांधबंदिस्ती, विहीर, फळझाडं यात धरा. आपल्याच जमिनीवर आपणच मजूर, यासारखं दुसरं काम नाही.

५) वनहक्काचा दावा बाकी असेल तर जाण्याआधी वनहक्क समितीला लेखी द्या: ‘आम्ही अमुक तारखेपर्यंत बाहेर आहोत, पाहणी आमच्या समक्ष करा, आमचा फोन हा.’ पोच घ्या. गावात राहणाऱ्या एका माणसाला हद्द दाखवून ठेवा.

६) पोरांना नेऊ नका. शाळेच्या व्यवस्थापन समितीनं हंगामी वसतिगृहाचा ठराव करून पाठवावा. रेशनकार्ड सोबत न्या किंवा नंबर लिहून न्या, तिकडं चालतं.

सरकारकडं आमची मागणीही सरळ आहे. पावसाळ्यात आणि पुन्हा दिवाळीच्या आधी कामगार अधिकाऱ्यानं मोलगी, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा इथल्या आठवडे बाजारात टेबल टाकून बसावं. तिथंच मजुराची नोंद, तिथंच मुकादमाचा परवाना, तिथंच करार. दोघांचंही काम एका जागी होईल, दोघांचाही दिवस वाचेल. हंगामात एकदा तरी गुजरातच्या अधिकाऱ्यासोबत पडावावर जाऊन हिशोब तपासावा. गुजरातला जाणाऱ्या मजुराला महामंडळात घ्यावं. खावटी पुन्हा सुरू करावी, आणि ती आषाढात द्यावी. तोडणीच्या दिवसांत वनहक्काची पाहणी लावू नये.

यात नवीन कायदा करायची गरज नाही. खातं म्हणतं ना, आम्ही दोघांचे? आम्ही त्यांना त्यांच्याच शब्दाला धरून बोलावतो आहोत. निवडणूक आली की आपल्याला मतदानाला आणायला पडावापर्यंत गाडी येते, वाट सापडते. मग तपासणीची गाडीही येऊ शकते.

आणि ती येईपर्यंत आपली यादी आपण करायची. सरकार येईल तेव्हा येईल, मुकादम मात्र अस्तंब्याची यात्रा झाली की येणारच आहे. त्याच्या वहीआधी ग्रामसभेची वही उघडा.

हे पत्रक पाड्यावर वाचून दाखवा. ज्यांना मराठी कमी समजते त्यांना आपल्या बोलीत सांगा. तुमच्या पाड्याची यादी झाली की एक प्रत आमच्याकडं पाठवा, पुढच्या अंकात किती पाड्यांनी यादी केली ते आम्ही छापू.

जिंदाबाद!